लेट

सोसायटीच्या ऑफिसात कर्णिककाकांनी फॉर्म परत केला.
"बाबांच्या नावाआधी लेट लिही," म्हणाले,
"नाहीतर शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर व्हायचं नाही."
आणि स्वतःचं पेन पुढे केलं.
लाल होतं.
नको म्हटलं, माझ्याकडे निळं आहे.

बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते.
एकतीस वर्षं, गेटजवळच्या काचेच्या खोपटात,
पुढ्यात मस्टर आणि दोन पेनं.
आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत निळं,
सहाव्या मिनिटाला लाल.
तीन लालांना अर्धी रजा.
बायको बाळंत झाली तरी? तरी.
"मी कुठे लिहितो? घड्याळ लिहितं,"
हे त्यांचं ठरलेलं उत्तर.
त्यांच्या बोटावरचा लाल डाग
लहानपणी मला जन्मखूण वाटायचा.

आईला हा शब्द कधी लागलाच नाही.
वेळ झाला म्हणजे उशीर,
वेळ झाली म्हणजे निघा आता.
शिवाय अंमळ होतं, खोळंबा होता,
"जरा रेंगाळले गं भाजीवालीपाशी" होतं.
तिच्या उशिराला पायऱ्या होत्या,
दर पायरीवर टेकायला जागा.
बाबांच्या उशिराला फक्त एक गेट.

पाचवीत कोरडेबाईंनी इंग्रजीच्या धड्यात वाचलं,
लेट मिस्टर अमुक अमुक.
मी हात वर केला: कुठे अडकले होते ते?
वर्ग खिदळला.
बाई हसल्या नाहीत. खडू ठेवला, म्हणाल्या,
"ते आता यायचे नाहीत, बाळ."
घरी येऊन मी बाबांना सांगितलं.
ते बराच वेळ गप्प,
मग म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

रिटायर झाल्यावर स्टेशनबाहेर एक पोरगा
मोबाइलची कव्हरं विकायचा, लेटेस्ट, लेटेस्ट, ओरडत.
बाबा थबकले.
"म्हणजे सगळ्यात उशिरा आलेला?
आणि वर त्याचं कौतुक?"
तरी घेतलं एक. निळं.

राजावाडीत शेवटच्या रात्री
ते पलंगावर ताठ बसून होते, पाय खाली सोडून,
कुणाची तरी वाट बघितल्यासारखे.
वॉर्डबॉय आला, उशी थोपटत म्हणाला,
"अंकल, लेट जाओ."
बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं!
"मी? एकतीस वर्षांत एकदाही नाही."
पोराला कळेना. मी समजावलं,
बाबा, तो आडवं व्हा म्हणतोय.
"असं होय," म्हणाले.
आणि झाले.

दहाला न्यायचं ठरलं होतं.
पावणेनऊलाच खाली रिक्षा थांबली.
इस्माईल मुकादम, फिटर, काठी टेकत,
एका वर्षात सत्तावीस लेटमार्कांचा मानकरी.
जिना चढून आला, धापा टाकत उभा राहिला,
बाबांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.
"बाय," मला म्हणाला,
"आज टायमाच्या आधी आलोय.
सही कुठं करू?"

मी लेट लिहिलं. इंग्रजीत, चार अक्षरं.
पहिल्या अक्षराचा पाय
जरा जास्तच पुढे गेला,
मस्टरमध्ये त्यांचा जायचा तसा.
मागे भालचंद्र नारिंग्रेकर,
निमूट, रांगेत उभे असल्यासारखे.

कर्णिककाकांनी फॉर्म घेतला, चष्म्यावरून घड्याळ पाहिलं.
"ऑफिस नऊला बंद होतं हं.
नऊ वाजून चार मिनिटं झाली."

म्हटलं, काका,
पाचपर्यंत निळं चालतं.